निमॉनिक की कोऱ्या कागदावरची आकृती?

मेडिकलच्या पहिल्या वर्षाची ॲनाटमी सुरू झाली की हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. लक्षात ठेवायला निमॉनिकचा, म्हणजे पहिल्या अक्षरांवरून रचलेल्या ओळीचा किंवा शब्दाचा, आधार घ्यावा, की पुस्तक मिटून दर वेळी कोऱ्या कागदावर आकृती काढावी? मी दोन्ही भरपूर वापरलंय. दोन्हींवर उत्तम अभ्यास करणारे मित्र आहेत, त्यामुळे अमुकच बरोबर असं म्हणणार नाही. माझा कल मात्र एका बाजूला आहे, आणि तो एकाच त्रासामुळे ठरला.

आधी निमॉनिकच्या बाजूने. कार्डिॲक अरेस्टची दूर करता येण्यासारखी कारणं म्हणजे चार 'एच' आणि चार 'टी'. हायपॉक्सिया, हायपोव्होलेमिया, पोटॅशियमची गडबड, हायपोथर्मिया; थ्रॉम्बोसिस, टेन्शन न्यूमोथोरॅक्स, टॅम्पोनाड, टॉक्सिन्स. छातीवर दाब देणं चालू असताना आकृती काढायला कुणाला सवड असते? तिथे एकही कारण तपासायचं राहू नये एवढंच हवं असतं आणि त्या कामी अक्षरांना तोड नाही. अत्यावश्यक अमिनो आम्लांचंही तेच. त्या यादीत आतला धागा असा काही नाही, मग आकृती काढणार तरी कशाची?

अडचण येते ती गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात तेव्हा. ब्रेकियल प्लेक्ससच घ्या, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं जाळं. रूट, ट्रंक, डिव्हिजन, कॉर्ड, ब्रांच हा क्रम लावून देणारी निमॉनिक्स आहेत, प्रत्येक कॉर्डच्या शाखांसाठी आणखी वेगळी आहेत. पण व्हायवातला, म्हणजे तोंडी परीक्षेतला, प्रश्न त्या क्रमाने येत नाही. 'मनगट लोंबतंय, वर उचलता येत नाही. कुठली नर्व्ह? कुठल्या कॉर्डमधून?' असा तो शेपटाकडून येतो. पेशंटही तसाच येतो. निमॉनिक मात्र पहिल्या अक्षरापासूनच सुरू होतं. मनातल्या मनात अख्खी ओळ म्हणायची, बोटं मोजत हव्या त्या अक्षरापाशी यायचं, आणि एवढं करून हाती लागतं ते नुसतं नाव. ती नर्व्ह कुठून आली, कशाला गेली, हे त्या अक्षरात नसतंच. समोर परीक्षक वाट पाहत असताना ही मोजदाद मला नकोशी व्हायची. मेंदूतून निघणाऱ्या क्रेनियल नर्व्हच्या निमॉनिकमध्ये तर तीन 'ओ' आणि त्यांना लागून दोन 'टी'. चौथी ट्रॉक्लिअर आणि पाचवी ट्रायजेमिनल हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्यालाच त्या दोन 'टी'चा उपयोग.

आता तोच प्लेक्सस कागदावर काढून बघा. मज्जारज्जूतून निघणाऱ्या सी ५ ते टी १ या रूटच्या पाच रेघा. वरच्या दोन मिळून अपर ट्रंक, मधली सी ७ एकटीच मिडल, खालच्या दोन लोअर. प्रत्येक ट्रंकला एक पुढचा आणि एक मागचा फाटा. तिन्ही मागचे फाटे एकत्र आले की पोस्टेरिअर कॉर्ड, आणि तिच्यातून ॲक्झिलरी व रेडिअल. पुढच्या फाट्यांपैकी वरचे दोन लॅटरल कॉर्डला जातात, खालचा मेडिअलला. या दोन्ही कॉर्डचा एकेक धागा मिळून मीडियन होते. एवढं हाताने काढता आलं की लोंबणाऱ्या मनगटापासून उलटं चालत जाता येतं: रेडिअल, पोस्टेरिअर कॉर्ड, मागचे फाटे. वरच्या दोन रेघांवर बोट ठेवलं की अर्ब्ज पाल्सीत (वरच्या रूटना इजा) खांदा आणि कोपर का अडतात ते दिसतं. खालच्या दोन झाकल्या की क्लुम्प्के, म्हणजे पंजाचे छोटे स्नायू गेले. चित्रकला यावी लागत नाही, रेघा पुरतात.

निमॉनिकबद्दल आणखी एक गोष्ट खटकते, ती वजनाची, म्हणजे कुठलं कारण जास्त महत्त्वाचं याची. हाय ॲनियन गॅप ॲसिडोसिस (रक्तात आम्ल साठण्याचा एक प्रकार) याच्या कारणांसाठीच्या 'मडपाइल्स' या निमॉनिकमध्ये लॅक्टिक ॲसिडोसिस सहाव्या अक्षरावर येतो आणि त्याच्या आधी पॅराल्डिहाइड, जे औषध आता क्वचितच वापरतात. २००८ मध्ये 'द लॅन्सेट'मधून 'गोल्डमार्क' हे नवं निमॉनिक सुचवलं गेलं आणि यादी काळाला धरून झाली, पण यादी ती यादीच. वॉर्डमध्ये आधी लॅक्टेट, कीटोन आणि क्रिएटिनिन बघायचं, हे तुम्हीच काढलेल्या फ्लोचार्टमध्ये जितकं ठसतं तितकं अक्षरांत ठसत नाही, असा निदान माझा अनुभव आहे.

आकृतीचा तोटा लपवण्यासारखा नाही. पहिल्या काही वेळा फार वेळ खाते, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ही सवय लावता येत नाही. शिवाय पुस्तक उघडं ठेवून उतरवलेली सुबक आकृती जवळपास निरुपयोगी असते. आठवून काढण्यातच सगळं आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे. अँकी या फ्लॅशकार्ड ॲपवर नावं झाकलेल्या आकृत्यांची कार्डं हा मधला मार्ग बरा आहे, पण काही दिवसांनी मला आकृतीऐवजी झाकलेल्या चौकटीची जागाच ओळखू यायला लागते.

म्हणून आत्ता ठरवत असाल तर प्लेक्सस, सर्कल ऑफ विलिस (मेंदूच्या तळाशी असलेलं रक्तवाहिन्यांचं कडं), नेफ्रॉन (मूत्रपिंडातली गाळणी) आणि क्लॉटिंग कॅस्केड (रक्त गोठण्याची साखळी) हे चार तरी हाताने काढायला घ्या. नेफ्रॉनवर लघवी वाढवणाऱ्या औषधांपैकी लूप डाययुरेटिक जाड असेंडिंग लिंबपाशी आणि थायझाइड डिस्टल ट्यूब्यूलपाशी लिहिलं की अर्धी फार्माकॉलॉजी तिथेच बसते. सुटे आकडे, सुट्या याद्या निमॉनिककडे राहू द्या. व्हिटॅमिन के लागणारे २, ७, ९, १० हे फॅक्टर पाठच करावे लागतात. पण कॅस्केड काढताना त्यांना गोल करा, आणि ७ हा एक्स्ट्रिन्सिक बाजूला आहे आणि चौघांत सर्वांत आधी संपतो हे शेजारी लिहा. रक्त गोठू न देणारं वॉरफरिन सुरू केल्यावर आधी पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी तपासणी) का लांबतो, याचं उत्तर त्याच कागदावर सापडेल.