घोडा नसलेली गन : एका हंगामाचा अनुभव

जालन्याच्या एमआयडीसीत आमचं छोटं पेंट शॉप आहे. पेरणी यंत्राच्या पेट्या, कल्टिव्हेटरचे फण, बियाण्याचे पाइप, असला माल रंगवून द्यायचा. मे महिना म्हणजे आमची सुगी, कारण मृगाच्या आधी शेतकऱ्याच्या दारात यंत्र उभं पाहिजे. गेल्या वर्षी ऐन हंगामात जुना पेंटर काम सोडून गेला अन् मी वैतागून कन्व्हेयरवर, म्हणजे माल पुढं सरकवणाऱ्या साखळीवर, दोन ऑटोमॅटिक स्प्रे गन बसवल्या. कंपनीचं नाव लिहीत नाही. तक्रार गनेची नाहीच, विकणाऱ्याची आहे, ती पुढं सांगतो.

ज्यांनी फक्त हातगन वापरलीय त्यांच्यासाठी सांगतो, ऑटो गनला घोडा नसतो. मागं पिस्टन असतो. त्याला हवा दिली की निडल, म्हणजे नोझलचं भोक बंद करणारी सुई, मागं सरते आणि रंग सुटतो, हवा काढली की स्प्रिंग निडल परत नोझलात बसवते. म्हणजे आमच्या गनेला हवेच्या तीन लाइनी लागतात : एक निडल ओढायला, एक रंग फोडायला, म्हणजे त्याचे बारीक तुषार करायला, अन् एक पंखा, म्हणजे फवाऱ्याचा पट्टा, पसरवायला. तिन्हींना वेगळे रेग्युलेटर लावा. आम्ही आधी एकावरच भागवलं होतं. पंखा मोठा करायला गेलं की सगळंच हलायचं.

पहिल्याच दिवशी गन चालू झाली ती बंदच होईना. पुतण्या ओरडतोय, "काका, अडकली, अडकली!" मी रंगाच्या प्रेशर टाकीचा कॉक बंद करेस्तोवर समोरच्या भिंतीला निळा पट्टा ओढला गेला. अजून आहे तो. गन काही अडकलेली नव्हती. वायरमननं टू-वे सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा हवेचा व्हॉल्व्ह, बसवला होता. तो हवा सोडतो आणि थांबवतो, पण आत कोंडलेली हवा बाहेर काढत नाही, मग निडल पुढं येणार कशी? कोंडलेली हवा बाहेर सोडणारा थ्री-वे लावला आणि काम झालं. तरी पेटीची पहिली दोन-तीन इंचं कोरी राहायची, अन् पेटी निघून गेली तरी रंग उडतच राहायचा. सोलेनॉइड चार मीटर लांब पॅनलजवळ होता. तेवढी नळी भरायला आणि रिकामी व्हायला वेळ लागतो. तो गनेजवळ आणला. थिनरची वाफ असते तिथं साधा सोलेनॉइड चालत नाही, फ्लेमप्रूफच, म्हणजे आतल्या ठिणगीनं बाहेरची वाफ पेटू न देणारा, घ्यावा लागला. महाग पडला, पण त्यात काटकसर नको.

दोन्ही गनांचा रंग सारखा यावा म्हणून आम्ही फोडायची आणि पंख्याची हवा बंद ठेवून, नुसती निडल उघडून, एक मिनिट रंग मापाच्या भांड्यात धरतो. एकीतून १८० मिली, दुसरीतून २३० मिली निघाला होता! मागचा नॉब फिरवून दोन्ही २०० वर आणल्या आणि नॉबचे आटे खडूनं खांबावर लिहून ठेवले. जॉबपासून, म्हणजे रंगवायच्या मालापासून, गनेचं अंतर आठ इंच.

आता उन्हाळा. दुपारी बेचाळीस डिग्रीला डब्यातला रंग आपोआप पातळ होतो. रंगाचा दाटपणा आम्ही बी-फोर कपात बघतो, तळाच्या भोकातून कप रिकामा व्हायला किती सेकंद लागतात त्यावरून. सकाळी २२ सेकंद भरलेला रंग दुपारी १८ वर येतो. म्हणून पुतण्यानं थिनर कमी केलं, तर पेटी हाताला खरखरीत लागायला लागली. रंग डब्यात पातळ असला तरी वाटेत थिनर उडून जातं आणि जॉबवर निम्मी सुकी पावडर बसते. उपाय म्हणजे उशिरा उडणारं थिनर. हातगनवाला पेंटर हे डोळ्यांनी बघून हात जवळ न्यायचा, गन बिचारी काय नेणार.

पाऊस पडला आणि वेगळंच सुरू झालं, रंगात पाण्याचे फोड. कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ उघडला तर अर्धी बादली गढूळ पाणी. आता रोज सकाळी आधी नळ, मग चहा. शिवाय गनेकडं जाणारी नळी मेन पाइपच्या वरच्या अंगानं काढली, म्हणजे पाणी तिच्यात उतरत नाही.

साफसफाईत आमची एक चूक दीड हजाराला पडली. रद्दी पेपरवर पंखा मारला तर लांबट गोल यायच्या जागी चंद्रकोर आली. एअर कॅप, म्हणजे नोझलवरची हवेच्या भोकांची टोपी, अर्धा फेरा फिरवून पुन्हा मारलं, कोरही उलटी झाली. म्हणजे दोष कॅपचा. फिरवूनही कोर तशीच राहिली असती तर नोझलकडं बघायचं होतं. इथपर्यंत बरोबर. मग पुतण्यानं भोकात वेल्डिंगची तार घातली. भोक लांबट झालं आणि कॅप भंगारात. आता थिनरमध्ये भिजवून मऊ ब्रश अन् कडुलिंबाची काडी, बस. अख्खी गन मात्र थिनरमध्ये बुडवू नका, आतली पॅकिंगं फुगतात. नोझल काढण्याआधी निडल मागं ओढून घ्या, नाहीतर बसकेवर, म्हणजे निडल नोझलात जिथं टेकते तिथं, ओरखडा पडतो आणि गन थेंब थेंब गळत राहते.

आता विकणारा. घेताना "सगळे पार्ट स्टॉकमध्ये" म्हणाला. निडलचं पॅकिंग गेलं तेव्हा अकरा दिवस "उद्या येतंय". त्या अकरा दिवसांत हातगन घेऊन मी स्वतः उभा राहिलो, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. म्हणून गन घ्याल तेव्हा पॅकिंगचा सेट, एक निडल-नोझल जोडी आणि एक एअर कॅप त्याच बिलात घ्या, आणि हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका.

गनेला पाचपैकी चार. रंग आधीपेक्षा कमी लागतो, पेट्या एकसारख्या निघतात आणि गिऱ्हाईक शेडवरून वाद घालत नाही. विकणाऱ्याला एक, तोही त्यानं चहा पाजला होता म्हणून.