३१,५४२ रुपये वाचवायला गेलो

मुलीला जर्मनीला शिकायला पाठवतो म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागून एकूण गेले १२,३५,८८० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण गावात तो कधी आठ लाख होतो, कधी वीस. नोंदणी ३५,०००, एपीएस नावाच्या पदवी-तपासणीसाठी ४५,०००, ‘व्हिसाची तारीख लवकर मिळवून देतो’ म्हणून २५,००० आणि ब्लॉक्ड अकाउंटचे म्हणून ११,३०,८८०.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. एका पतसंस्थेत २९ वर्षं काढली, शेवटची अकरा हिशेबनीस म्हणून. ‘पैसे देण्याआधी पावती वाचा’ हे सभासदांना सांगून सांगून घसा बसलेला माणूस. आता हसा.

मुलगी फर्मागुडीला इंजिनिअर झाली. खाणी बंद पडल्या तेव्हा ती शाळेत होती. पाण्याने भरलेले खंदक बघत वाढली, आणि त्या पाण्या-मातीचं पुढे काय करायचं तेच शिकायला तिला जर्मनीला जायचं होतं. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी मुलांनाही फी नाही. जगण्याचा खर्च तेवढा आपला, आणि तो झेपेल हे व्हिसासाठी दाखवायला वर्षाचे ११,९०४ युरो मुलाच्या नावावरच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी भरून ठेवायचे. तिकडे पोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ मिळतात. म्हणजे ही कुणाची फी नव्हे, मुलाचाच पैसा. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

तो एजंट बायकोच्या माहेरच्या ओळखीतला. ऑफिस पणजीत, पण पहिल्यांदा आला तो घरी. माझ्या आईच्या पाया पडला, चहा बशीत ओतून प्यायला, मला काका म्हणाला. जाहिरात बघून गेलो असतो तर मी चार प्रश्न विचारले असते. आपल्या माणसाला विचारवत नाहीत. कुणीही विचारले नसते असं मी बायकोला रोज सांगतो. ती गप्प बसते.

मुलीच्या नावाचा नवा ईमेल त्यानेच उघडला आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला. ‘विद्यापीठांचे मेल अपरात्री येतात, आमची मुलं बघतात.’ मुलीने एकदा मागितला तर हसून म्हणाला, ‘बाय, तू बॅगा भरायला घे.’ ती तिथल्या तिथे उठली होती. मीच तिला हात धरून बसवलं.

एपीएस म्हणजे आपल्या पदव्यांची तपासणी. नोव्हेंबर २०२२ पासून ती झाल्याशिवाय भारतातल्या मुलाचा व्हिसाचा अर्ज पुढे जात नाही. तिची फी १८,००० आणि ती विद्यार्थ्याने स्वतः भरायची असते. याने ४५,००० घेतले आणि अर्ज केलाच नाही.

आणि मग ते ११ लाख. त्याचं म्हणणं असं: बँक युरोला ९७ लावेल, मी एकदम मोठी रक्कम पाठवतो म्हणून मला ९५ पडतो. शिवाय बँकेतून पाठवलंत तर दहा लाखांवरच्या रकमेवर ५ टक्के टीसीएस, म्हणजे बँक वरून वसूल करते तो कर. मी लगेच कागद ओढला. दराचे २३,८०८, टीसीएसचे ७,७३४, वाचले ३१,५४२. हिशेब बिनचूक. टीसीएस आयकर विवरणपत्र भरलं की वळता होतो, हे मला, एका हिशेबनिसाला, त्या दिवशी आठवलं नाही.

२३ एप्रिल २०२५, बुधवार. आरटीजीएसचा फॉर्म घेऊन बँकेत गेलो. काउंटरवरची मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची. खात्याचं नाव वाचून थांबली. ‘काका, हे शिक्षणासाठी बाहेर पाठवताय ना? मग ए-टू फॉर्म लागेल. हे तर भारतातलंच करंट खातं दिसतंय, कुठल्याशा ट्रेडर्सचं.’

अख्खी लबाडी तिने माझ्यापुढे उघडी करून ठेवली होती. बाहेर जाणारा पैसा बँकेतून, पाठवणाऱ्याच्या पॅनवर, ए-टू भरून जातो. देशातल्या देशात एका करंट खात्यात टाकलेला पैसा जर्मनीत पोचत नाही. हे मी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आणि तिला काय म्हणालो? ‘बाय, तू जन्माला यायच्या आधीपासून मी हेच काम करतो.’ मागे रांग होती. ती लालबुंद झाली आणि तिने शिक्का मारला.

संध्याकाळी पावती आली. तिच्यावर ‘सेवा शुल्क’ लिहिलेलं. मी फोन केला, केला नाही असं नाही. म्हणाला, जीएसटीच्या भानगडीसाठी तसं लिहावं लागतं. पुढे पोलिसांनी हाच शब्द माझ्या तोंडावर मारला.

जुलैत विद्यापीठाचं पत्र आलं. ते बनावट होतं. चवथीच्या आधी मुलीने आपल्या जुन्या ईमेलवरून थेट विद्यापीठाला विचारलं. दोन ओळींचं उत्तर: या नावाचा अर्ज आमच्याकडे नाही. हे तिने पहिल्या महिन्यात केलं असतं तर? तुमची मुलं करू देत, आजच. २७ ऑगस्टला घरात गणपती बसला, त्या दिवशी त्याचा फोन बंद. विसर्जनानंतर पणजीला गेलो तर बोर्डसुद्धा काढलेला.

पोलिसांकडे गेलो. पहिल्या ठिकाणी विचारलं, ‘पयशे तुमीच दिल्यात न्हय?’ सही माझी, फॉर्म माझा, पावतीवर सेवा शुल्क, मग फसवणूक कसली, हा दिवाणी वाद. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, ऑफिस पणजीत, तुम्ही डिचोलीचे, खातं परराज्यातल्या शाखेत, हद्द कुणाची ते आधी ठरवून या. मी ठरवून यायचं! नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. मी छापील प्रत घेऊन गेलो होतो. साहेबांनी ती वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाले, एवढे पैसे आले कुठून तेही सांगावं लागेल. चारशेवीस जाऊन १ जुलै २०२४ पासून ३१८ आलं, खुर्चीवरचं बोलणं जुनंच राहिलं. चार फेऱ्या मारल्या, प्रत्येक वेळी नवीन माणूस आणि पहिल्यापासून गोष्ट. तिसऱ्या खेपेला एका हवालदाराने विचारलं, मुलगी शिकलेली ना? शेवटी रजिस्टर पोस्टाने अधीक्षकांना अर्ज धाडला. पोचपावती आहे, उत्तर नाही.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० नंबरवर, फोन करा म्हणून सगळेच सांगतात. करा, पण पैसे गेल्या तासाला करा. मी चार महिन्यांनी केला, तोवर खात्यात काय राहणार?

परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. विद्यार्थी पाठवणारा त्या कायद्यात बसत नाही. तो उद्या दुसऱ्या शहरात दुसरा बोर्ड लावेल. त्याला कोण विचारणार, मी?

ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. माझ्या रकमेला फी फक्त ४०० रुपये, वकील नसला तरी चालतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका. तेच एक माझ्या बाजूने बोलतं, त्यात ‘ब्लॉक्ड अकाउंटचे मिळाले’ असं त्याने स्वतः लिहिलंय.

त्या बँकेत मी अजून गेलो नाही. पासबुक भरायला बायको जाते.

मुलगी आता पणजीत नोकरी करते आणि पुन्हा अर्ज करते आहे. एपीएसचे १८,००० तिने आपल्या पगारातून भरले. ईमेलचा पासवर्ड या वेळी तिच्याकडेच आहे. मी विचारला होता, सांगितला नाही.