बाबोला प्युअर एअरो ९८ : तेराव्या वर्षी घेऊ नका

बाबोला कंपनीची ही टेनिस रॅकेट फर्स्टक्लास आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्याकडे शिकणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलाकडे ती आहे. तिचं गटिंग, म्हणजे तारा ओवणं, मीच करते आणि सकाळची बॅच सुटल्यावर कोर्ट रिकामं असलं की मीही तिनं खेळून घेते. तरी हे लिहायला बसले ते आई-बाबांसाठी. "मॅडम, अल्काराझचीच पाहिजे म्हणून अडून बसलाय," हे वाक्य सांगलीत हल्ली फार ऐकू येतं. स्पेनचा टेनिसपटू कार्लोस अल्काराझ हीच रॅकेट वापरतो ना, म्हणून.

आधी रॅकेटबद्दल. २०२३ साली हे मॉडेल आलं. त्याआधी तीच रॅकेट प्युअर एअरो व्हीएस नावानं मिळायची. डोकं ९८ चौरस इंचाचं, वजन गटिंगशिवाय ३०५ ग्रॅम. गट (तारा) आणि ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पट्टी) चढली की सव्वातीनशेच्या पुढे. उभ्या तारा १६, आडव्या २०. साध्या प्युअर एअरोचं डोकं १०० चौरस इंच, वजन ३०० ग्रॅम आणि आडव्या तारा १९. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. मशीनवर लावून शेवटच्या आडव्या तारा ओवायला लागलं की कळतं. मधली घरं बारीक होतात, तार ओढताना बोटं भाजतात, आणि चेंडू मारल्यावर तो कुठे जाणार याचा अंदाज साध्या एअरोपेक्षा कितीतरी पक्का येतो. टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढे फिरवणारी फिरकी, मिळतोच, पण फुकट मिळत नाही. साध्या एअरोनं अर्धवट स्विंग केला तरी चेंडू बेसलाइनपर्यंत पोचतो. हिनं केला तर सर्व्हिस लाइनवर पडतो आणि समोरचा तो उचलून हाणतो.

फ्रेममध्ये काही ठिकाणी जवसाचे तंतू घातलेत, दणका कमी बसावा म्हणून. जवस म्हटल्यावर मला चटणीच आठवली, पण फरक जाणवतो. जुन्या एअरोंचा तो कडक टणत्कार हिला नाही. नेटवर व्हॉली छान बसते, ड्रॉप शॉटला हात हलका राहतो. मात्र चेंडू जरा टोकाला लागला की मनगटाला ताबडतोब कळतं. स्वीट स्पॉट, म्हणजे तारांमधली चेंडू नीट बसायची जागा, लहान आहे, आणि थकलेला हात तो चुकवतोच. तिसऱ्या सेटमध्ये माझ्या त्या विद्यार्थ्याचे बॅकहँड कसे आखूड पडायला लागतात ते मी कोर्टाच्या कडेला उभी राहून बघते. आणि हा रोज जिम करणारा पोरगा आहे, आयटीएफच्या एम१५ स्पर्धांच्या (व्यावसायिक टेनिसची सगळ्यात खालची पायरी) क्वालिफाइंगला जाऊन आलेला.

आता अल्काराझचं. पोरांना २०२२ चं यूएस ओपन माहीत असतं, एकोणिसाव्या वर्षी जगात पहिला नंबर. त्याच्या आधीचं कुणी बघत नाही. एटीपीचा, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस क्रमवारीचा, पहिला गुण त्यानं मिळवला तो २०१८ च्या फेब्रुवारीत, मुर्सियातल्या फ्युचर्स (खालच्या पायरीच्या) स्पर्धेत, वय चौदा. त्याच वर्षी तो स्पेनचाच माजी खेळाडू फेरेरो याच्या अकादमीत शिकायला लागला. अकादमीच्या गावाचं नाव बियेना, स्पेनच्या अलिकान्ते प्रांतातलं. तिथंच २०१९ मध्ये पंधरा वर्षांच्या अल्काराझनं चॅलेंजरला (एटीपी टूरच्या खालची पायरी) इटलीच्या सिनरला तीन सेटमध्ये हरवलं. २०२० च्या फेब्रुवारीत रिओला स्पेनच्याच रामोस-विन्योलासविरुद्ध साडेतीन तासांहून जास्त खेळून एटीपी टूरवरची पहिली मॅच जिंकला. त्या मॅचचे फोटो काढून बघा, खांद्यावर टी-शर्ट लोंबतोय. मग परत चॅलेंजर : त्रिएस्ते, बार्सिलोना, अलिकान्ते, एकाच वर्षात तीन जिंकल्या. उमागला पहिलं एटीपी विजेतेपद २०२१ च्या जुलैत. दीड महिन्यानं यूएस ओपनला ग्रीसच्या त्सित्सिपासला पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये घालवलं, तेव्हा त्याचे दंड बघून मला प्रश्न पडला होता, की हाच का तो रिओतला मुलगा! मधल्या दीड वर्षात शरीर घडवण्यावर किती काम झालं असेल ते तिथं दिसतं. ३०५ ग्रॅमची फ्रेम पाच सेट फिरवायला ते शरीर लागतं. शिवाय मोठ्या खेळाडूंच्या फ्रेमवर आपल्या सोयीनं वजन वाढवलेलं असतं, त्यामुळे टीव्हीवर दिसते ती रॅकेट आणि दुकानातली रॅकेट तंतोतंत एक असेलच असं नाही.

हे सगळं एका बाबांना कोर्टावरच सांगत होते. मुलगा तेरा वर्षांचा, चांगला खेळतो, राज्य मानांकनाच्या स्पर्धांमध्ये एखाददुसरी फेरी काढतो. बाबा म्हणाले, "वाढत्या अंगाचं घेऊ मॅडम, दोन वर्षांत मावेल." अहो, शाळेचा गणवेश आहे का तो! मी त्या मुलाला माझ्या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याची रॅकेट दिली आणि सर्व्हिस करायला लावली. पहिल्या पाच-सहा झकास पडल्या. बास्केट अर्धी व्हायच्या आत कोपर खाली यायला लागलं, टॉस पुढे जायच्या ऐवजी डोक्यामागे, आणि रॅकेट खांद्यानं नाही तर कमरेनं ओढली जायला लागली. बाबांना ते दिसलं, मला बोलावं लागलं नाही.

त्या वयाला याच घरातली प्युअर एअरो टीम घ्या, २८५ ग्रॅमची. अंगानं बारीक असेल तर लाइट, २७० ची. रंग तोच पिवळा, पोरगं खूश. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला २६ इंची ज्युनिअरच द्यावी, सत्तावीस इंचाची घाई नको. वयापेक्षा अंगकाठी आणि सर्व्हिस बघून ठरवा. मुलगा पंधरा-सोळाचा होऊन आठवड्यात चार-पाच दिवस नीट ट्रेनिंग करायला लागला, मोठ्यांच्या स्पर्धेत उतरून पहिल्या फेरीत मार खायला लागला, की मग ही ९८ हातात घेऊन बघावी. तीसुद्धा विकत घ्यायच्या आधी कुणाची तरी मागून, निदान दोन-तीन सेट, आणि शेवटच्या सेटकडे जास्त लक्ष देऊन.

गटबद्दल एक. अल्काराझ आरपीएम ब्लास्ट वापरतो, काळी, आठ कोनांची पॉलिस्टर. दुकानदार हीच लावून द्यायला बघतात. लहान मुलाच्या हातात पूर्ण पॉलिस्टर नको. आमच्या मातीच्या कोर्टावर वाळू तारांत जाऊन बसते, तार लवकर झिजते. पॉलिस्टर तुटत नाही पण मरते, म्हणजे तिचा ताण आणि लवचीकपणा जातो, आणि मेलेली तार मुलं महिनोन्‌महिने वापरत राहतात, तुटली नाही ना म्हणून. मग कोपर धरून येतात. उभी पॉलिस्टर, आडवी मऊ मल्टिफिलामेंट (बारीक तंतूंची तार), ताण पन्नास पौंडांच्या आत, हे माझं माप. माझ्या त्या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यालाही मी अजून पूर्ण पॉलिस्टर लावून दिलेली नाही, तो रुसतो.

किंमत वीस हजारांच्या वर जाते, आणि स्पर्धा खेळणाऱ्याला एक पुरत नाही, दोन लागतात. तार तुटली की त्याच वजनाची दुसरी हातात हवी. तेवढ्या पैशात टीमची एक फ्रेम, वर्षभराचं गटिंग आणि दोन-तीन बाहेरगावच्या स्पर्धांचा प्रवास निघतो. ग्रिप साइज दुकानात मुलाला घेऊनच बघा. शंका असेल तर लहान घ्या, ओव्हरग्रिप चढवून जाड करता येते, जाड असलेली तासून बारीक करत बसता येत नाही.

माझे गुण : सतराच्या वरच्या, कसलेल्या हातासाठी पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो बंपर गार्डसाठी (रॅकेटच्या डोक्यावरची प्लास्टिकची पट्टी), आमच्या कोर्टावर लवकर घासतो आणि सुटा मिळायला वेळ लागतो.