निसर्ग आणि मन : आधी वर्डस्वर्थ वाचावा की कीट्स?

इंग्रजीतली रोमँटिक कविता (म्हणजे प्रेमकविता नव्हे, तर अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली, भावना आणि कल्पनाशक्तीला महत्त्व देणारी कविता) एकदा नीट वाचायची असं ठरवलं की जाणकार एका दमात सहा नावं सांगतात: ब्लेक, वर्डस्वर्थ, कोलरिज, बायरन, शेली, कीट्स. सहाही जण वाचावेत असेच आहेत. पण निसर्ग आणि माणसाच्या भावना यांचं नातं हीच तुमची ओढ असेल, तर सुरुवात वर्डस्वर्थपासून करावी नाहीतर कीट्सपासून. दोघांनाही आपण सरसकट ‘निसर्गकवी’ म्हणतो आणि तिथेच गफलत होते. वर्डस्वर्थचा निसर्ग माणसाला काहीतरी देतो आणि ते पुढे वर्षानुवर्षं पुरतं. कीट्सचा निसर्ग काही देण्यासाठी नसतोच. तो समोर असतो, भरून येतो आणि निघून जातो.

आधी वर्डस्वर्थ. जन्म 1770, इंग्लंडच्या वायव्येकडच्या लेक डिस्ट्रिक्टमधला. आठ वर्षं पुरी व्हायच्या आत आई गेली, तेरा वर्षांचा असताना वडील गेले. तिथल्या डोंगरांनी आणि तळ्यांनी आपल्याला वाढवलं असं तो पुढे लिहितो, तेव्हा ती नुसती अलंकारिक भाषा वाटत नाही.

‘डॅफोडिल्स’ आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केली, ते फूल कधी डोळ्यांनी न बघता. लक्षात राहतं ते पहिलं कडवं: एकटा ढग, तळ्याकाठी डोलणारी पिवळी फुलं. खरी कविता मात्र शेवटच्या कडव्यात आहे. 15 एप्रिल 1802 रोजी वर्डस्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी अल्सवॉटर तळ्याकाठून चालत होते, तेव्हा ती फुलं दिसली. डोरोथीने दिवसभराची हकिकत रोजनिशीत लिहून ठेवली. कवितेला 1804 उजाडलं. मधल्या दोन वर्षांत काय झालं, ते शेवटचं कडवं सांगतं: रिकाम्या किंवा उदास मनाने कोचावर पडलेलं असताना ती फुलं आतल्या डोळ्यापुढे लखकन उभी राहतात. हा ‘आतला डोळा’ ज्यांत येतो त्या दोन ओळी त्याच्या बायकोने, मेरीने, सुचवलेल्या. त्या कवितेतल्या सर्वांत चांगल्या ओळी त्याच, असं तो स्वतःच म्हणायचा. आणि कवितेत बहीण कुठेच नाही, तो एकटाच भटकतो आहे! डोरोथीची नोंद शेजारी ठेवून कविता वाचली की आठवण काय गाळते आणि काय राखते, ते दिसतं.

म्हणून वर्डस्वर्थकडे भावना प्रसंगाच्या वेळी पुरी होत नाही. ती मुरते. शांतपणी आठवलेली भावना हेच कवितेचं मूळ, असं त्याने ‘लिरिकल बॅलड्स’ या कवितासंग्रहाच्या 1800 सालच्या प्रस्तावनेत लिहिलंच आहे. ‘टिंटर्न अ‍ॅबी’ (1798) हा त्याचा सर्वांत मोठा पुरावा. वाय नदीच्या काठी तो पाच वर्षांनी परततो. मधल्या काळात शहरातल्या खोल्यांत, गोंगाटात, याच काठाच्या आठवणीने त्याला निवांतपणा दिलेला असतो. गाव मागे टाकून शहरात दहा बाय दहाच्या खोलीत राहिलेल्या कोणालाही ही कविता समजावून सांगावी लागत नाही. शेवटी तो शेजारी उभ्या असलेल्या बहिणीला म्हणतो, पुढे कधी दुःख आलं तर ही जागा तुला आठवेल. निसर्गावर प्रेम करणाऱ्याला निसर्ग कधी दगा देत नाही, हा त्याचा विश्वास.

हा विश्वास भाबडा आहे का? मला तसं वाटत नाही, कारण तो तुटतानाही वर्डस्वर्थने लिहिलं आहे. 1805 च्या फेब्रुवारीत त्याचा भाऊ जॉन जहाजासह बुडाला. त्यानंतर पील कॅसल या समुद्रकाठच्या किल्ल्याच्या चित्रावरच्या कवितेत तो कबूल करतो, की मी चित्रकार असतो तर पूर्वी शांत, हसरा समुद्र काढला असता. आता तो समुद्र मला तसा पाहता येणार नाही. त्याही आधीची, लूसीवरची अवघ्या आठ ओळींची कविता (‘अ स्लंबर डिड माय स्पिरिट सील’) बघा. मेलेली मुलगी पृथ्वीबरोबर फिरते आहे, दगडांसोबत, झाडांसोबत. सांत्वनाचा एक शब्द नाही. पंधरा मिनिटंच हाताशी असतील तर वर्डस्वर्थची हीच कविता वाचा.

आता कीट्स. 1795 ते 1821, उणंपुरं पंचवीस वर्षांचं आयुष्य. लंडनच्या गायज हॉस्पिटलात वैद्यकीचं शिक्षण. 1818 च्या डिसेंबरात धाकटा भाऊ टॉम क्षयाने गेला, शुश्रूषा यानेच केली होती. पुढच्या वसंतात हॅम्पस्टेडच्या घरी नाइटिंगेलवरची कविता आली, आणि तिच्यात तरुण माणूस फिका पडतो, भुतासारखा रोडावतो आणि मरतो. पक्षी मात्र गात राहतो. त्याचं गाणं ऐकून दुःख हलकं होत नाही. काही क्षण कवीच नाहीसा होतो, आणि मग एका शब्दासरशी परत स्वतःवर येऊन आदळतो.

हे नाहीसं होणं म्हणजे कीट्स. एका पत्रात तो लिहितो, की खिडकीसमोर चिमणी आली तर मी तिच्या जगण्यात शिरतो आणि खडीत चोच मारू लागतो. कवीला स्वतःची अशी ओळखच नसते, हे त्याचं म्हणणं. वर्डस्वर्थच्या काव्यातल्या सर्वव्यापी ‘मी’पासून तो 1818 मध्ये जाणूनबुजून वेगळा झाला, तरी त्या थोर कवीबद्दलचा आदर त्याने सोडला नाही. त्याच वर्षी पायी हिंडताना तो वर्डस्वर्थच्या घरापर्यंत गेला. वर्डस्वर्थ निवडणुकीच्या कामाला बाहेर गेला होता. कीट्स चिठ्ठी ठेवून परतला.

‘टू ऑटम’ ही 19 सप्टेंबर 1819 ची, विंचेस्टरजवळच्या शेतांतून फेरफटका मारून आल्यावर लिहिलेली कविता. मराठीत तिला ‘शरद’ म्हटलं की आपल्याला कोजागिरीचं चांदणं दिसतं आणि कविता हातची जाते. मी तिला मनातल्या मनात ‘सुगी’ म्हणतो. मग सगळं जागच्या जागी बसतं. ऋतू खळ्यावर बसला आहे, उफणणीच्या वाऱ्यावर त्याचे केस हलके उडताहेत. अर्ध्या कापलेल्या तासात तो झोपला आहे. सरवा वेचून डोक्यावर ओझं घेतलेल्या बाईसारखा तो ओढा ओलांडतो आहे. मग तिसरं कडवं: नदीकाठच्या झुडपांत रडका सूर धरलेली चिलटं, मोठी झालेली कोकरं, कुंपणातले रातकिडे, आणि आभाळात जमणाऱ्या पाकोळ्या. सगळ्या कवितेत ‘मी’ हा शब्द एकदाही येत नाही. पाकोळ्या निघायच्या तयारीत आहेत, हिवाळा येणार आहे, हे कवी म्हणत नाही. तुम्हाला ते कळतं आणि पोटात तुटतं.

बालकवींचा ‘औदुंबर’ ज्यांच्या कानात आहे, त्यांना ही वाट ओळखीची वाटेल. झरा, गाव, शेतमळे, पायवाट, आणि शेवटी पाण्यात पाय टाकून बसलेलं झाड. तिथेही उदासी सांगितलेली नाही, ती झाडाजवळ बसलेली आहे. बालकवी वाचत वाढलेल्याने कीट्सला बिचकू नये.

भाषेचं म्हणाल तर वर्डस्वर्थ सोपा, कारण बोलीच्या जवळ राहण्याचा त्याचा आग्रहच होता. पण तो पसरट आहे, लांब कवितांत थकवतो. कीट्सचे शब्द दाट आणि ग्रीक पुराणकथांनी लगडलेले, त्यामुळे टिपा असलेली प्रत घ्या. ‘टू ऑटम’ला मात्र टिपांची फारशी गरज नाही.

या दोघांखेरीज कोलरिजची ‘डिजेक्शन’ (1802) लक्षात ठेवा. आपण देतो तेवढंच निसर्गाकडून आपल्याला परत मिळतं, असं तो त्यात म्हणतो, आणि वर्डस्वर्थच्या श्रद्धेला त्याच्याच जिवलग मित्राने दिलेलं ते उत्तर आहे. शेलीचा वारा, म्हणजे त्याची ‘ओड टू द वेस्ट विंड’ ही कविता, ज्याला बदल घडवायचा आहे त्याच्यासाठी. तो नंतर.

माझा कौल असा. एखादी जागा सुटली असेल आणि ती मनातून जात नसेल, तर वर्डस्वर्थ. जवळचं माणूस नुकतंच गेलं असेल, तर त्याच्या ‘टिंटर्न’कडे इतक्यात वळू नका. त्या सांत्वनाला वर्षं जावी लागतात आणि आज ते तुम्हाला टोचेल. तेव्हा ‘टू ऑटम’ घ्या आणि तिसरं कडवं मोठ्याने वाचा, इंग्रजी उच्चार अडखळले तरी चालतील. दुःख वगैरे काही नसेल, नुसतं कुतूहल असेल, तर ‘डॅफोडिल्स’पासूनच सुरुवात करा, फक्त या वेळी शेवटच्या कडव्यावर थांबा.