ताईच्या लग्नासाठी जाधवगड: आमचा अनुभव

ताईला हॉल नकोच होता, जुनी वास्तूच हवी होती. आधी एक वाडा बघितला (नाव नाही लिहीत), तिथे होमाला परवानगी आहे म्हणाले आणि टोकन दिल्यावर सांगतात लाकडी छत आहे, अग्नी बाहेर अंगणात पेटवा. बाबांनी तिथल्या तिथे पैसे परत मागितले. म्हणून सांगते, आधी होम, वाजंत्री आणि जनरेटर हे तिन्ही लेखी घ्या.

मग सासवडजवळचं जाधवगड बघितलं आणि ताई दारातच हो म्हणाली!! शाहू महाराजांचे सरदार पिलाजीराव जाधवरावांनी १७१० मध्ये बांधलेली गढी, आता हेरिटेज हॉटेल आहे. त्या दगडी तटापुढे नऊवारीतली नवरी उभी राहिली ना, की वेगळं डेकोरेशन करायची गरजच वाटत नाही, आम्ही फक्त झेंडूच्या माळा सोडल्या, आणि संध्याकाळचं ऊन भिंतीवर आलं तेव्हा दगड अक्षरशः मधासारखा दिसत होता. आत 'आई' नावाचं म्युझियम आहे, जुनी भांडी, अडकित्ते वगैरे, आमची आजी तिथून हलेचना, एका अडकित्त्याकडे बोट दाखवून म्हणाली माझ्या सासूबाईंचा असाच होता, आणि डोळे पुसले.

फक्त गढी म्हटलं की चढ नि पायऱ्या आल्याच, गुडघे दुखणाऱ्यांसाठी आधीच विचारून ठेवा. पुण्याहून दिवे घाटातून यायचं, त्यामुळे मुहूर्ताच्या दोन तास आधी वऱ्हाड निघायलाच हवं, आणि आषाढी वारीच्या दिवसांत माउलींच्या पालखीच्या तारखा बघूनच बुकिंग करा, घाट बंद असतो.