फिरलेला दहा ठेवू का सरकलेला रुपया?

आमच्या मावसभावाचं सांगलीत भडंगचं दुकान आहे, रात्री गल्ला मोजताना काही वेगळं नाणं दिसलं की तो बरणीत टाकतो आणि मी गेलो की बरणी पुढं सरकवतो, "दादा, यातलं लाखाचं कुठलं बघ". लाखाचं एकपण नसतं. पण परवा दोन खरंच चांगली निघाली, टांकसाळीतच छाप चुकलेली, म्हणजे जमवणारे 'एरर' म्हणतात तसली, आणि कुठलं ठेवायचं कुठलं विकायचं यावर तासभर वाद झाला, तुमच्याकडंपण अशी बरणी असेल तर उपयोगी पडेल.

पहिलं दहाचं, छाप फिरलेलं. आपलं नाणं वरखाली चिमटीत धरून, पुस्तकाचं पान उलटतो तसं फिरवलं की मागची बाजू सरळच दिसायला पाहिजे. हे आडवं झोपलेलं, म्हणजे टांकसाळीत डाय, छाप मारायचा साचा, ढिली होऊन फिरली आणि तशीच छापत राहिली. पण थोडं कलतं नाणं भरपूर सापडतं, त्याला कोण विचारत नाही. पाव फिरलेलं म्हणजे बरं, पार उलटं असेल तर मजा.

दुसरा रुपया, ₹ चिन्हवाला स्टीलचा. वरच्या अंगाला चंद्रकोरीएवढी जागा कोरी आणि खालचं साल अर्धं बाहेर गेलेलं. चकती साच्याच्या कड्यात नीट बसली नाही आणि वरून ठोका पडला, कड्याचा आधार नसल्यानं धातू एका बाजूला पसरलाय, त्यामुळं नाणं नीट गोलपण नाही. माझं मत सरळ याला. हातभर लांबून चूक दिसते, फिरवून दाखवायला लागत नाही, आणि घरी बसून असं बनवणं अवघड. फक्त आमच्याचं साल पूर्ण असतं ना तर किंमत अजून चढली असती, छाप भरपूर सरकलेली पण साल शाबूत असंच नाणं लोक शोधतात.

भावाचं म्हणणं दहाचंच भारी कारण ते मोठं आहे. आता काय बोलायचं!

बरणीतलं बाकी सगळं डॅमेज. मधला गाभा निघालेला दहाचा पण होता, तो कुणीतरी ठोकून काढलेला, पिवळ्या कड्याच्या आतल्या काठावर ओरखडे स्पष्ट दिसतात. काही जण तर गाभा उलटा बसवून एरर म्हणून खपवतात. दहाचं नाणं साधारण 7.7 ग्रॅमचं असतं, शंका आली तर सोनाराच्या काट्यावर टाकून बघा. कड तुटलेलं नाणं असेल तर तुटल्याच्या बरोबर समोरची कड बघायची, टांकसाळीतच कापलं गेलं असेल तर तिथली किनार बहुतेक पुसट आलेली असते, कानशीनं घासलेल्याला तसं नसतं.

आणि सालाखाली काहीच खूण नाही म्हणून उड्या मारू नका, ते कोलकात्याचं. पत्त्यातल्यासारखी चौकट मुंबई, तारा हैदराबाद, गोल ठिपका नोएडा. दहाच्या नाण्यावर रेषा दहा का पंधरा हापण एरर नाही, रिझर्व्ह बँकेनं 2018 मध्येच सांगितलंय की तोवर 14 डिझाइनं आली होती आणि सगळी चालतात. 2012 चं वैष्णोदेवीचं नाणंपण लाखाला जात नाही, किती फॉरवर्ड आले तरी.

विकायचं कुठं? डीलर कमी देतो पण हातात देतो. लिलावात जास्त मिळू शकतं, पण कमिशन जातं आणि थांबायला लागतं, एका रुपयासाठी एवढी खटपट मी करणार नाही, आठ-दहा जमली तर बघू. ऑनलाइन जाहिरातवाला आधी 'रजिस्ट्रेशन फी' मागायला लागला की फोन ठेवायचा. रिझर्व्ह बँकेच्या नावानं जुन्या नाण्यांवर चार्ज, कमिशन मागतात म्हणून 2021 मध्ये बँकेनं स्वतःच सावध केलं होतं. आणि चिंच, पितांबरी लावून चकचकीत तर अजिबात करू नका, आहे ती किंमत पण जाते.

शेवटी रुपया मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून घेऊन आलो, दहाचं भावाकडं राहिलं. आता तो आलेला प्रत्येक दहा चिमटीत धरून गोल फिरवतो आणि गिऱ्हाईक घाबरून विचारतं, "खोटा हाय का वो?"