बाइंडजेन: सीच्या लायब्रऱ्या रस्टमधून वापरणाऱ्यांसाठी

गिरगावातल्या छापखान्यांसाठी लग्नपत्रिका जुळवायचं सॉफ्टवेअर आम्ही रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहितो. देवनागरीची जुळणी स्वतः लिहायची नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं. ‘श्रीकृष्णार्पण’मधला रफार कुठे चढवायचा, ‘चिरंजीव’ची वेलांटी अक्षराआधी कशी आणायची, ‘सोयऱ्यां’मधला ऱ्या कसा काढायचा, हे हार्फबझ या लायब्ररीला येतं. फॉन्टमधून अक्षराचा आकार काढून द्यायचं काम फ्रीटाइप या दुसऱ्या लायब्ररीचं. दोघांशीही बोलायचं ते सी या भाषेतून, आणि सीची हेडरं (लायब्ररीत कोणती फंक्शनं आहेत हे सांगणाऱ्या फाइली) वाचून त्यांच्या रस्टमधल्या घोषणा लिहून देणारा दुभाषा म्हणजे बाइंडजेन. आमचं सगळं काम त्याच्यावर उभं आहे. लिनक्स कर्नलमध्ये २०२२ साली, ६.१ आवृत्तीत, रस्ट आलं तेव्हा तिथेही हेच साधन घेतलं गेलं.

बाइंडजेन हेडर स्वतः वाचत नाही, क्लँग या सी कंपायलरच्या लिबक्लँग लायब्ररीकडून वाचून घेतं. म्हणून नव्या मशिनवर पहिली अडचण बहुधा लिबक्लँग न सापडण्याची. तो एररचा मजकूर मला मनापासून आवडतो: कोणती फाइल शोधली आणि लिबक्लँग_पाथ हा व्हेरिएबल कुठे रोखायचा, दोन्ही त्यात लिहिलेलं असतं. विंडोजवर एलएलव्हीएम (क्लँग ज्यात येतो तो संच) टाकून त्याच्या बिन फोल्डरचा पत्ता द्यायचा. उबुंटूवर मात्र नुसतं लिबक्लँग आलं आणि क्लँगची स्वतःची हेडरं आली नाहीत, तर ‘एसटीडीडेफ.एच सापडत नाही’ अशी तक्रार येते. दोष आपल्या कोडमध्ये नसतो. क्लँगचं पूर्ण पॅकेज टाकलं की काम होतं.

फ्रीटाइपचं हेडर न सापडणं ही त्यापुढची पायरी. डेव्ह पॅकेज (हेडरं घेऊन येणारं) टाकलेलं असतं, तरी ‘एफटी२बिल्ड.एच’ मिळत नाही, कारण ते यूएसआर-इनक्लूडमध्ये थेट नसून आतल्या फ्रीटाइप२ फोल्डरमध्ये असतं. हा पत्ता बिल्ड स्क्रिप्टमध्ये हाताने लिहू नका. ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर होमब्रू हा पॅकेज मॅनेजर सगळं ऑप्ट-होमब्रूखाली ठेवतो, तिथे तो पत्ता लगेच कोसळतो. लायब्रऱ्या कुठे आहेत ते सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगला विचारा. त्याच नावाचा क्रेट (रस्टचं पॅकेज) हेडरचे रस्ते हातात देतो आणि लिंक करायच्या ओळी कार्गोला, म्हणजे रस्टच्या बिल्ड साधनाला, परस्पर सांगतो. ते रस्ते बाइंडजेनला क्लँगचे आर्ग्युमेंट म्हणून द्यायचे. मला विचाराल तर हे दोघे एकत्रच वापरायची साधनं आहेत.

कारण बाइंडजेन लिंक करत नाही, म्हणजे आपला प्रोग्रॅम लायब्ररीला जोडत नाही; ते काम लिंकरचं. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ दिसलं की हेडरमध्ये शोधाशोध थांबवावी. हेडर वाचून झालंय, तक्रार लिंकरची आहे. हार्फबझचं उदाहरण घ्या. फ्रीटाइपचा आधार न देता ते बिल्ड केलं, तर ‘एचबी_एफटी’ने सुरू होणारी फंक्शनं लायब्ररीत नसतातच. जुन्या इन्स्टॉलचं हेडर शिल्लक असलं की घोषणा मिळते, फंक्शन मिळत नाही. आणि प्रोग्रॅम सुरू करताना ‘शेअर्ड ऑब्जेक्ट उघडता येत नाही’ असं आलं, तर लिंकरचंही काम झालेलं असतं. आता प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या लोडरला लायब्ररीची डॉट-एसओ फाइल सापडत नाहीये. एरर कोण देतंय हे आधी पाहिलं की निम्मी संध्याकाळ वाचते.

उणिवा आहेत. आर्ग्युमेंट घेणारी मॅक्रो बाइंडजेन आणत नाही. त्यामुळे चार अक्षरांचा टॅग बनवणारं एचबी_टॅग रस्टमध्ये पुन्हा लिहावं लागतं. अलाउलिस्ट (काय आत घ्यायचं त्याची यादी) न लावता चालवलं, तर हेडरांनी ओढून आणलेल्या सिस्टिमच्या घोषणाही फाइलभर पसरतात. आम्ही ‘एचबी_’ आणि ‘एफटी_’ एवढंच आत घेतो.

सर्वांत मोलाची गोष्ट शेवटी सांगते. तयार झालेल्या फाइलमध्ये प्रत्येक स्ट्रक्टचा (एकत्र बांधलेल्या डेटाचा) आकार तपासणाऱ्या ओळी, म्हणजे लेआउट टेस्ट, असतात. छापखान्यांत विंडोज असतं, आम्ही लिनक्सवर लिहितो. फ्रीटाइपचा एफटी_पॉस म्हणजे सीचा लाँग: ६४ बिटी लिनक्सवर ८ बाइट, ६४ बिटी विंडोजवर ४. दोन एफटी_पॉसचा एफटी_व्हेक्टर म्हणूनच एकीकडे १६ बाइटचा, दुसरीकडे ८ चा. लिनक्सवर काढलेली फाइल विंडोजवर नेली तर त्या ओळी बिल्ड तिथेच थांबवतात. कित्येकांना हे कटकटीचं वाटतं आणि ते लेआउट टेस्ट बंद करून टाकतात. कृपा करून करू नका. फाइल प्रत्येक प्लॅटफॉर्मवर वेगळी काढा. चुकीच्या आकाराचा स्ट्रक्ट वेलांट्या भलतीकडे नेऊन ठेवू शकतो, आणि ते पत्रिका छापून हातात आल्यावर वधूपिता पाहणार.

ज्या लायब्ररीचा सिस क्रेट (या घोषणा तयार करून दिलेलं पॅकेज) आधीच नीट सांभाळला जातोय, तिथे तोच घ्या. बाकी सगळीकडे, मोठ्या हेडरसाठी तर नक्कीच, बाइंडजेन डोळे मिटून घ्यावं.